ढगाच्या पोटात यंत्र नेताना

एप्रिल-मेच्या दुपारी कोल्हापूरच्या पश्चिमेला, पन्हाळा आणि गगनबावड्याच्या अंगाने, वळवाचे ढग चढू लागतात. समुद्राकडून येणारी दमट हवा सह्याद्रीवर उचलली जाते, पठारावरची तापलेली हवा तिला आणखी वर रेटते आणि तासा-दोन तासांत ढगाचा माथा १२-१५ किलोमीटरवर पोचतो. आषाढ-श्रावणातल्या संततधारेत विजा क्वचित दिसतात. या भागातला विजांचा खरा हंगाम वळवाचा, आणि पुन्हा पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरचा. जमिनीवरून आपल्याला यातले काय कळते? पाऊस, गारा, उजेड आणि आवाज. वीज पडण्याच्या क्षणी ढगाच्या आत काय चालले आहे, विद्युतभार कुठे साठला आहे, त्यातून कोणते किरण बाहेर पडत आहेत आणि नेमक्या त्या वेळी त्या ढगालगत एखादे विमान असेल तर त्याच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न जमिनीवरून सुटत नाहीत. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर विजेविषयीच्या ज्ञानाने निर्णायक पाऊल प्रत्येक वेळी तेव्हाच टाकले, जेव्हा कुणीतरी यंत्र उचलून ढगात किंवा ढगाच्या अगदी जवळ नेले. या इतिहासात मुंबई, पुणे आणि बारामती यांची नावे लोक समजतात त्याहून बऱ्याच वेळा येतात. मात्र आपल्याकडची विमाने आकाशात गेली ती जवळजवळ नेहमी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर शोधायला. विजेचे मोजमाप त्या उड्डाणांत जोडीला आले किंवा आलेच नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की विजेचा प्रश्न आता मुख्य व्हायला हवा, आणि त्यासाठी लागणारा पुरावा गेल्या काही वर्षांत हाती आला आहे.

जमिनीवरची नोंद अपुरी का पडते, याचा धडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिळाला होता. भारतीय हवामान खात्यात काम करणाऱ्या जॉर्ज सिम्पसन यांनी सिमल्याला पावसाच्या थेंबांवरचा विद्युतभार मोजला आणि १९०९ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. हवेच्या झोतात मोठे थेंब फुटतात, त्यातून भार वेगळे होतात, आणि धन भार ढगाच्या खालच्या भागात राहतो, असे त्यांचे मत होते. केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन नेमके उलट सांगत होते: धन भार वर, ऋण भार खाली. दोघेही काटेकोर शास्त्रज्ञ होते, दोघांकडेही मोजमापे होती, तरी वाद पंधरा-वीस वर्षे मिटला नाही. मुंबईत कुलाबा वेधशाळेत एस. के. बॅनर्जी यांनी डोक्यावरून सरकणाऱ्या गडगडाटी ढगांखाली विद्युतक्षेत्र कसे पालटत जाते, याच्या नोंदी चिकाटीने घेतल्या. त्यांचा १९३० चा निबंध या विषयातल्या जुन्या कामांत महत्त्वाचा आहे, आणि पुढे १९४४ मध्ये ते हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. पण एकाच जागी उभ्या असलेल्या यंत्राला वरच्या सगळ्या भारांची बेरीज तेवढी दिसते. भारांची मांडणी वेगवेगळी असूनही ही बेरीज सारखीच येऊ शकते. वाद मिटला तो सिम्पसन यांनीच १९३० च्या दशकात, एफ. जे. स्क्रेझ यांच्यासह, इंग्लंडमधल्या क्यू येथून फुग्याला यंत्र बांधून ढगात सोडले तेव्हा. वर धन, मध्ये ऋण आणि अगदी तळाशी धन भाराचा लहानसा साठा, अशी रचना निघाली. मुख्य मांडणी विल्सन यांची खरी ठरली. सिम्पसन यांना सापडलेला तळचा धन भारही खोटा नव्हता. स्वतःच्या सिद्धान्ताला मुरड घालणारा पुरावा स्वतःच मिळवून प्रसिद्ध करणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती यंत्र ढगात नेल्यामुळे घडली.

फुग्यानंतर विमान आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस होमी भाभा बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी एस. व्ही. चंद्रशेखर अय्या यांनी अमेरिकन हवाई दलाच्या विमानातून विश्वकिरण मोजणारी यंत्रे सुमारे ३०,००० फुटांवर नेली. तिथल्या मेसॉन कणांची संख्या अक्षांशानुसार कशी बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. विजेशी त्याचा संबंध आहे असे तेव्हा फारसे कुणाला वाटत नसावे. हेच अय्या पुढच्या दशकात पुण्यात विजेकडे वळले, तेही वेगळ्याच गरजेतून. विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरींची खरखर आकाशवाणीच्या लघुलहरी प्रक्षेपणात किती अडथळा आणते आणि श्रोत्याला कार्यक्रम नीट ऐकू यायचा तर प्रक्षेपण किती जोरकस हवे, हे त्यांना ठरवायचे होते. त्यासाठी त्यांनी के. आर. फडके यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर पुण्यातल्या खरखरीची पद्धतशीर मोजणी केली आणि उष्ण कटिबंधातले वादळ रेडिओलहरी फेकणारे साधन म्हणून किती शक्तीचे असते, याचा हिशेब १९५५ मध्ये मांडला. युरोप-अमेरिकेच्या वादळांचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत, ही जाणीव त्या कामाच्या मुळाशी होती. एकाच माणसाच्या कारकिर्दीत विश्वकिरण आणि वीज हे दोन विषय शेजारी आले, पण एकमेकांना भेटले नाहीत. ते ढगात भेटतात हे प्रत्यक्ष मोजून दिसायला आणखी पंचवीसेक वर्षे जायची होती.

ते कुठे भेटतात हे समजण्यासाठी एक कोडे आधी पाहायला हवे. समुद्रसपाटीवर कोरड्या हवेत ठिणगी पडायची तर दर सेंटीमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टचे क्षेत्र लागते. पाच-सहा किलोमीटर उंचीवर हवा विरळ असल्याने निम्म्याच्या आसपास. रॉस गन यांनी अमेरिकेत बी-२५ विमान ढगांत नेऊन मोजले, तेव्हा विमानावर वीज कोसळण्याच्या अगदी आधी दर सेंटीमीटरला ३,४०० व्होल्ट एवढीच नोंद मिळाली. हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या असंख्य फुग्यांनी आणि विमानांनीही साधारण हेच सांगितले. म्हणजे वीज पडण्यासाठी पुस्तकात सांगितलेले क्षेत्र ढगात कुठेच सापडत नाही, तरी विजा पडतात. विल्सन यांनी १९२५ च्या सुमारास एक शक्यता मांडून ठेवली होती. इलेक्ट्रॉन आधीच खूप वेगात असेल तर हवेच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींत तो जेवढी ऊर्जा गमावतो, त्याहून जास्त ऊर्जा त्याला क्षेत्राकडून मिळते. तो थांबत नाही, पळतच सुटतो. अशा इलेक्ट्रॉनला ठिणगीच्या साधारण एक दशांश क्षेत्र पुरते. ढगात वेगवान इलेक्ट्रॉन आधीपासून आणतो कोण, तर विश्वकिरण. गुरेविच, मिलिख आणि रूसेल-दुप्रे यांनी १९९२ मध्ये पुढचा भाग जोडला: असा एक इलेक्ट्रॉन वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो, तेही पळू लागतात आणि हिमकडा सुटावा तसा लोंढा तयार होतो. हवेत अडखळताना हे कण क्ष-किरण आणि गॅमा किरण बाहेर टाकतात. ढगात असे प्रारण आहे की नाही हे पाहायचे तर खालून उपयोग नाही, कारण ढग आणि जमीन यांच्या मधली काही किलोमीटर हवा ते बहुतांशी शोषून घेते.

गन आणि गुरेविच यांच्या मधल्या काळात महाराष्ट्रावरही विमान उडत होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, जिला सगळे आयआयटीएम म्हणतात, १९७३ पासून बारामतीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात ढगांत मीठ टाकून पाऊस वाढतो का, याचा प्रयोग केला. १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे डीसी-३ जातीचे विमान त्या आकाशात फिरले. बारीक दळलेले मीठ गुठळ्या होऊ नयेत म्हणून शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळलेले असे, आणि ते ढगाच्या तळापासून काही शे मीटरवर सोडले जाई. पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढला असा निष्कर्ष निघाला, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. इथे सांगायची गोष्ट वेगळी आहे. रमण मूर्ती, सेल्वम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विमानात विद्युतक्षेत्र आणि थेंबांवरचा भार मोजण्याची सोयही केली होती. हे ढग उबदार, म्हणजे गोठणपातळीच्या खालचे, बर्फ नसलेले. त्यांत विजा नसतात. तरीही मीठ पडल्यावर त्यांच्या विद्युत स्थितीत बदल होताना दिसले. थेंबांचा आकार आणि भार यांचे नाते इतक्या जवळून पाहणारी मोजमापे उष्ण कटिबंधात तेव्हा फार नव्हती. पावसाचा प्रश्न घेऊन गेलेल्या विमानाने विजेच्या विज्ञानाला दिलेली ही भर आहे. प्रयोगाचे नाव निघाले की लोक टक्केवारीवर वाद घालतात; ही भर मात्र नोंदीत राहून जाते, याचे वाईट वाटते.

बारामतीचे विमान मुद्दाम शांत ढग निवडत होते, त्याच वर्षांत अमेरिकेची नासा संस्था उलट काम करत होती. १९८० ते १९८६ या काळात एफ-१०६बी हे लढाऊ जातीचे विमान वादळांत १,४९६ वेळा घुसवले गेले आणि त्याच्यावर ७१४ वेळा वीज कोसळली. यामागे जुनी जखम होती: डिसेंबर १९६३ मध्ये मेरीलँडमध्ये पॅन अॅमच्या बोईंग ७०७ ला वीज लागून इंधनाच्या टाकीत स्फोट झाला आणि ८१ माणसे गेली. वीज विमानाला लागते म्हणजे नेमके काय होते, हे धातूच्या पत्र्यावर वाचता येते. वाहिनी सहसा नाकावर किंवा पंखाच्या टोकावर चिकटते आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. पण ती अर्धा सेकंदभर टिकू शकते, आणि तेवढ्यात विमान शंभर मीटरच्या आसपास पुढे गेलेले असते. त्यामुळे आकाशातली वाहिनी जागच्या जागी राहते आणि विमान तिच्यातून पुढे सरकते. वाहिनी एका बिंदूला धरते, ताणली जाते, सुटते, थोडे मागे पुन्हा धरते. पत्र्यावर नाकापासून शेपटीकडे वितळलेल्या बारीक खळग्यांची रांग उमटते. त्या विमानावर बसवलेल्या संवेदकांनी प्रवाह आणि क्षेत्र किती झपाट्याने बदलते, हे मायक्रोसेकंदाहून लहान टप्प्यांत टिपले. आजच्या विमानांची संरक्षणव्यवस्था ज्या आकड्यांवर उभी आहे, त्यातले बरेच तिथून आले.

इथे एक रास्त हरकत घेतली जाते. विमान हा मोठा धातूचा वाहक. तो ढगात नेला की तिथले क्षेत्र त्याच्या टोकांशी एकवटते. मग विमान ढग मोजते की स्वतःलाच? हरकत खरी आहे, आणि तिचे उत्तरही त्याच उड्डाणांतून मिळाले. जमिनीवरच्या रडारने विमानावर पडणाऱ्या विजा पाहिल्या, तेव्हा बहुतेक वेळा वाहिनी विमानापासूनच सुरू होऊन दोन्ही बाजूंना पसरलेली दिसली. व्लादिस्लाव्ह माझूर यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार असे सुमारे नव्वद टक्के फटके विमानानेच ओढवून घेतलेले असतात. शिवाय बरेचसे फटके नैसर्गिक विजा कमी असलेल्या उंच, थंड भागांत बसले. म्हणजे ‘विजा चमकताहेत तिथे जाऊ नका’ एवढा नियम वैमानिकाला पुरा पडत नाही, हे कळायला विमानच लागले. नुसत्या मोजमापासाठी विमानाच्या स्वतःच्या भाराचा परिणाम वेगळा काढता येतो: क्षेत्र मोजणारी यंत्रे पाठीवर, पोटावर, पंखांवर अशी अनेक ठिकाणी बसवली की बाहेरच्या क्षेत्राचे घटक आणि विमानाचा भार गणिताने सुटे होतात. ढगातल्या वस्तूमुळे ढगाची स्थिती बदलते, हे खरे. पण प्रवाशांनी भरलेली विमाने त्याच ढगांजवळून रोज जातात, तेव्हा तो बदल हाही मोजण्याचाच विषय ठरतो.

एफ-१०६ वर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉर्ज पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण मोजणारे यंत्रही बसवले, आणि विल्सन यांच्या जुन्या भाकिताला पहिला भक्कम आधार मिळाला. १९८१ आणि १९८५ च्या निबंधांत त्यांनी दाखवले की ढगाच्या काही भागांत क्ष-किरण काही सेकंद वाढत जातात आणि वीज चमकताच एकदम थांबतात. यातला क्रम महत्त्वाचा आहे. वीज पडून किरण निघाले असते तर ते चमकेनंतर दिसले असते. ते चमकेआधी वाढतात आणि चमकेबरोबर संपतात, म्हणजे त्यांचा उगम ढगातल्या क्षेत्रात आहे आणि वीज ते क्षेत्र मोडून टाकते. १९९४ मध्ये कॉम्प्टन उपग्रहाच्या नोंदींतून जेराल्ड फिशमन यांनी दुसराच प्रकार जाहीर केला: वादळांवरून अवकाशाकडे झेपावणारे, मिलीसेकंदभर टिकणारे गॅमा किरणांचे झोत. एक मंद, सेकंदांचा. दुसरा प्रचंड, क्षणाचा. या दुसऱ्याच्या ऐन तोंडाशी विमान सापडले तर काय? जोसेफ ड्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशेब केला की अगदी वाईट प्रसंगी मिलीसेकंदाहून कमी वेळात ०.१ सीव्हर्टच्या जवळपास मात्रा बसू शकते. अणुऊर्जा केंद्रात काम करणाऱ्यांसाठी वर्षाची सरासरी मर्यादा ०.०२ सीव्हर्ट आहे, हे लक्षात घेतले की आकड्याचे वजन कळते.

यावर दुसरी हरकत येते, आणि ती पहिलीहून जोरकस आहे. असे प्रसंग इतके दुर्मीळ असतील तर त्यांच्यामागे विमाने धाडण्यात अर्थ काय? तिच्या बाजूने चांगला पुरावाही आहे. २००९ मध्ये डेव्हिड स्मिथ, ड्वायर आणि मंडळींनी ‘अडेल’ नावाचे यंत्र गल्फस्ट्रीम विमानातून अमेरिकेतल्या वादळांजवळ नेले. १,२१३ विजांच्या जवळून जाऊन त्यांना गॅमा झोत सापडला तो फक्त एक. त्याच मोहिमेत ऑगस्टमध्ये विमान चुकून वादळाच्या आत गेले आणि यंत्राने पॉझिट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाच्या, विनाशाची ठळक खूण टिपली. तिचे पुरते स्पष्टीकरण आजही मिळालेले नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित भाभांनी १९३५ मध्ये केले होते. ते कण विमानाच्या भोवती, वादळी ढगात, असे दिसतील याची अपेक्षा कुणी केली नव्हती. पण एकास बाराशे या प्रमाणावरून काढलेला ‘दुर्मीळ’ हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या निकोलाय ऑस्टगार्ड यांच्या पुढाकाराने नासाचे ईआर-२ विमान २० किलोमीटर उंचीवरून, ढगांच्या थेट माथ्यावरून, फ्लोरिडा, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेच्या वादळांवर फिरले. दहा उड्डाणांत १३० हून अधिक गॅमा झोत मिळाले. त्यांतले बरेच इतके क्षीण होते की उपग्रहाला दिसलेच नसते. मंद चमक तर जवळजवळ नित्याची निघाली. एका वादळसमूहात ती ९,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या भागावर तासन्तास चालू होती. शिवाय दोन्हींच्या मधला, लुकलुकणारा असा तिसरा प्रकार प्रथमच आढळला. २०२४ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आले. फरक पडला तो अधिक संवेदनक्षम यंत्राने, योग्य उंचीने आणि वादळांच्या निवडीने: ही वादळे उष्ण कटिबंधातली होती.

तिसरी हरकत आपल्या घरातलीच आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगाने विमानाशिवाय ढगाच्या पोटात डोकावून दाखवले आहे. विश्वकिरणांतून तयार होणारे म्युऑन ढगातून खाली येताना तिथल्या विभवाने मंदावतात आणि त्यांची मोजलेली संख्या घटते. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ही घट सुमारे २ टक्के होती, आणि तिच्यावरून ढगाच्या वरच्या आणि खालच्या टोकांत १.३ अब्ज व्होल्टचा फरक निघाला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. अब्ज व्होल्टची कल्पना विल्सन यांनी १९२९ मध्ये केली होती. तिला मोजमापाचा आधार भारतीय प्रयोगाने दिला, आणि याचा अभिमान वाटायलाच हवा. पण पद्धत काय सांगते आणि काय नाही, हे पाहावे. म्युऑनची २ टक्के घट विश्वासाने मोजायची तर काही मिनिटांची गोळाबेरीज लागते, आणि मिळतो तो मोठ्या ढगाचा एकत्रित आकडा. गॅमा झोत मिलीसेकंदात संपतो, आणि त्याचा उगम एका किलोमीटरच्या आसपासच्या भागात असतो. ग्रेप्स-३ ने ढगाची एकूण ताकद सांगितली. ती कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या क्षणी, कशी बाहेर पडते हे सांगायला यंत्र तिथेच असावे लागते. दोन्ही पद्धती एकाच वादळावर वापरता आल्या तर एकीची उणीव दुसरी भरून काढेल.

आता पुन्हा दख्खनकडे पाहू. कोल्हापूरच्या उजळाईवाडीला येणाऱ्या विमानांत एटीआरसारखी टर्बोप्रॉप विमाने आहेत. ती साधारण १७ ते २० हजार फुटांवरून जातात, आणि आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात-पावसाळ्यात गोठणपातळी १६ हजार फुटांच्या आसपास असते. विमानांवर वीज बसण्याचे प्रसंग जगभर याच पातळीच्या आगेमागे जास्त नोंदले गेले आहेत. मोठी जेट विमाने हा पट्टा चढता-उतरता काही मिनिटांत ओलांडतात. लहान पल्ल्याची विमाने त्याच्या जवळपास बराच वेळ असतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. वैमानिक रडारवर पाहून वादळापासून दूर राहतात, विमान वीज सहन करेल असेच बांधलेले असते, आणि गॅमा झोतांचा उगम सहसा याहून वर, दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. पण ‘सहसा’ हा शब्द ज्या मोजमापांवर उभा आहे, ती कॅरिबियन आणि अमेरिकेतली आहेत. पुण्याच्या खरखरीचे आकडे पुण्यातच मोजले पाहिजेत, हे अय्यांनी १९५५ मध्ये ओळखले होते. सह्याद्रीच्या वळवाला तोच न्याय लावायला हवा.

आणि त्यासाठी शून्यापासून सुरुवात करायची नाही. आयआयटीएमने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत ढगांत यंत्रे घेऊन विमाने पाठवली, आणि २०१८-१९ मध्ये सोलापूरवर बीचक्राफ्ट विमानांनी पर्जन्यछायेतल्या ढगांचा बारकाईने अभ्यास केला, तेही पावसासाठीच. त्याच संस्थेचे विजांची जागा शोधणारे संवेदकांचे जाळे २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, म्हणजे विमानाने टिपलेली प्रत्येक घटना जमिनीवरच्या नोंदीशी ताडून पाहता येईल. कुलाबा वेधशाळेच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि तिथले रडार गेली अनेक वर्षे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजत आले आहे. ढगाच्या खालून नजर ठेवणारी यंत्रे आहेत, ढगाच्या कितीतरी वरची हवा पाहणारी आहेत. मधल्या पट्ट्यात, पाच ते वीस किलोमीटरच्या दरम्यान, वळवाच्या हंगामात, क्षेत्रमापक आणि गॅमा संवेदक एकत्र बसवलेले विमान हवे. त्याला ढगात घुसण्याची गरज नाही. ईआर-२ ने वरून जाऊनच सगळे मिळवले. तितक्या उंचीचे विमान नसेल तर वादळाच्या कडेने, सुरक्षित अंतरावरून, आहे त्या विमानांतही गॅमा संवेदक नेता येतो. मिठाची पोती घेऊन उडणाऱ्या डीसी-३ मध्ये १९७० च्या दशकात विद्युतक्षेत्र मोजण्याची सोय करता आली होती. पुढच्या पावसाच्या मोहिमेचा आराखडा होईल तेव्हा या संवेदकासाठी जागा आणि एप्रिल-मेचे काही आठवडे त्यात आधीच धरले पाहिजेत.